पडद्याच्या दांड्यांपासून रुपेरी पडद्यापर्यंत : ग्लॉक पिस्तुलाचा इतिहास

ग्लॉक 17 हे 9 मिमी व्यासाचे अर्धस्वयंचलित पिस्तूल ऑस्ट्रियात 1980 ते 1982 या दोन वर्षांत घडले. ते घडवणारे गास्टोन ग्लॉक (1929–2023) यांनी तोपर्यंत एकही बंदूक तयार केलेली नव्हती. व्हिएन्नाजवळच्या डॉइच-वाग्राम या लहानशा गावात त्यांनी 1963 मध्ये एक कारखाना काढला होता. एकीकडे ते रेडिएटरच्या कारखान्यात व्यवस्थापक म्हणून नोकरी करत आणि घराशेजारच्या या कारखान्यात पडद्याच्या दांड्या, कड्या, दारे-खिडक्यांचे पितळी सामान असा माल निघे. पुढे ऑस्ट्रियन लष्कराची छोटी-मोठी कामे मिळू लागली. मशीनगनच्या काडतुसांचे पट्टे, सरावाचे हातगोळे, खंदक खणायची फावडी आणि 1978 चा सैनिकी सुरा ही त्यांतली ठळक कामे. सुऱ्याची मूठ आणि म्यान प्लास्टिकची होती. ओतीव प्लास्टिक आणि पोलाद एकत्र कसे नांदवायचे, हे ग्लॉक यांना सुऱ्यापासूनच कळू लागले होते, आणि पिस्तुलाच्या वेळी हेच ज्ञान कामी आले.

ऑस्ट्रियन सैन्याकडे त्या काळी वाल्थर पी-38 ही पिस्तुले होती. जर्मन लष्कराने 1938 मध्ये स्वीकारलेला हा नमुना 1980 पर्यंत पुरता जुना झाला होता. संरक्षण मंत्रालयात कामानिमित्त गेलेल्या ग्लॉक यांच्या कानावर दोन लष्करी अधिकाऱ्यांचे बोलणे पडले आणि नव्या पिस्तुलाची गरज त्यांना समजली, असे सांगितले जाते. आपल्यालाही स्पर्धेत उतरता येईल का, अशी विचारणा त्यांनी केली आणि परवानगी मिळाली. नावाजलेल्या कंपन्यांच्या तुलनेत हा माणूस कोणाच्या खिजगणतीतही नव्हता.

बंदुकीचे ज्ञान नसणे ही ग्लॉक यांच्या बाबतीत जमेची बाजू ठरली. त्यांनी बाजारातली चांगली पिस्तुले आणून ती सुटी केली, जोडली, पुन्हा सुटी केली. मे 1980 मध्ये त्यांनी शस्त्रांच्या जाणकारांना एकत्र बोलावले. लष्कराचे कर्नल फ्रीडरिश डेखांट हे त्यांतले एक. भावी पिस्तुलात काय हवे, असा साधा प्रश्न ग्लॉक यांनी विचारला. हलके असावे, गोळ्या भरपूर मावाव्यात, चाप प्रत्येक वेळी सारख्याच जोराने ओढला जावा, खटके-कळा कमीत कमी असाव्यात आणि हात उचलला की नेम आपसूक जुळावा, अशी उत्तरे मिळाली. मुठीचा कोन ठरवण्यासाठी लाकडाचे दोन तुकडे खिळ्यांनी जोडून तो नमुना हाती धरून पाहिला गेला, असेही सांगतात. पहिल्या नमुन्यांची चाचणी ग्लॉक स्वतःच घेत आणि ती डाव्या हाताने घेत. पिस्तूल हातात फुटलेच, तर उजवा हात आराखडे काढायला शाबूत राहावा, हा हेतू त्यांनीच पुढे सांगितला. एप्रिल 1981 मध्ये पेटंटसाठी अर्ज गेला. हा त्यांचा सतरावा शोध, म्हणून पिस्तुलाचे नाव ‘17’ पडले. मॅगझिनमध्ये सतरा गोळ्या मावतात म्हणून हे नाव, ही समजूत आजही जगभर आहे. मात्र दोन्ही ठिकाणी सतरा येणे हा योगायोग आहे.

लष्कराने घातलेल्या अटीही सतराच होत्या. त्या बारकाईने पाहिल्या की या पिस्तुलाचे रूप कुठून आले ते उमगते. मॅगझिनमध्ये किमान आठ गोळ्या मावाव्यात आणि ते भरायला अवजार लागू नये. पिस्तूल दोन मीटरवरून पोलादी पत्र्यावर पडले तरी गोळी सुटू नये. डावऱ्या सैनिकालाही ते चालवता यावे. एका पिस्तुलाचा भाग कानस न लावता दुसऱ्यात बसावा. एकूण भाग 58 पेक्षा जास्त नसावेत. आणि पहिल्या 10,000 गोळ्यांत ते वीसपेक्षा जास्त वेळा अडू नये. या अटी म्हणजे सैनिकाला नक्की काय लागते याचा हिशेब होता. दिसणे, परंपरा किंवा नामांकित कारागिरी यांना त्यात एकही गुण ठेवलेला नव्हता.

1982 च्या चाचण्यांत समोर कोण होते, ते पाहिले की या निकालाचे मोल समजते. जर्मनीची हेकलर अँड कॉख, स्विस-जर्मन सिग-सावर, इटलीची बेरेट्टा, बेल्जियमची एफएन आणि खुद्द ऑस्ट्रियाची स्टायर. स्टायर तर राष्ट्रीय मानाची कंपनी होती. तिचीच एयूजी रायफल 1977 च्या सुमारास सैन्याने स्वीकारली होती आणि तिचा बराचसा भाग प्लास्टिकचा होता. त्यामुळे शस्त्रात प्लास्टिक ही कल्पना ऑस्ट्रियन सैनिकांना दचकवणारी राहिली नव्हती. ग्लॉकचे पिस्तूल सर्वांत हलके, सर्वांत कमी भागांचे आणि बनवायला सर्वांत स्वस्त ठरले. नोव्हेंबर 1982 मध्ये निकाल लागला आणि लष्कराने पी-80 या नावाने 25,000 पिस्तुलांची मागणी नोंदवली. ती पुरी करण्यासाठी ग्लॉक यांना कारखानाच नव्याने उभा करावा लागला.

हे पिस्तूल आतून कसे चालते ते थोडे सविस्तर पाहणे गरजेचे आहे, कारण चित्रपटांनी पसरवलेले बहुतेक गैरसमज या अंतर्रचनेबद्दलचे आहेत. पिस्तुलाचे ढोबळमानाने दोन हिस्से असतात. वरची स्लाइड आणि तिच्या आत बसलेली नळी हा एक, मूठ आणि चाप ज्यात असतात तो सांगाडा, म्हणजे फ्रेम, हा दुसरा. ग्लॉकची स्लाइड आणि नळी अस्सल पोलादाच्या आहेत. गोळी सुटताना निर्माण होणारा प्रचंड दाब सोसण्याचे काम प्लास्टिकला जमणारे नाही आणि ग्लॉक यांनी तो प्रयत्नही केला नाही. नायलॉनच्या जातीच्या कणखर पॉलिमरची आहे ती फक्त फ्रेम. तीही पूर्ण प्लास्टिकची नाही. स्लाइड ज्यांवरून पुढे-मागे सरकते ते चार पोलादी रूळ साच्यात आधी ठेवून त्यांच्याभोवती पॉलिमर ओतला जातो. धातूची फ्रेम घडवायची तर पोलादाचा किंवा ॲल्युमिनियमचा ठोकळा कातावा लागे, त्यात यंत्राचे तास खर्ची पडत. साच्यातून पॉलिमरची फ्रेम त्याच्या कितीतरी पट वेगाने बाहेर पडते. या पिस्तुलाची खरी क्रांती इथे आहे. ती युद्धभूमीवर झाली नाही, कारखान्याच्या हिशेबात झाली.

रिकाम्या ग्लॉक 17 चे वजन साधारण 625 ग्रॅम भरते. त्याच गटातले बेरेट्टा 92 साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास जाते. कंपनीच्या म्हणण्यानुसार ग्लॉकच्या वजनाचा 83 टक्के हिस्सा पोलादाचा आहे, म्हणजे पिस्तुलात अर्धा किलोच्या घरात पोलाद आहे. स्लाइड आणि नळी यांना नायट्रोजन-कार्बनची रासायनिक प्रक्रिया देऊन त्यांचा पृष्ठभाग विलक्षण कठीण केला जातो. वरचा काळा रंग घासून गेला तरी खालचा पृष्ठभाग गंजाला दाद देत नाही.

चापाची रचना हा ग्लॉकच्या कामाचा सर्वांत सुबक भाग आहे. चापाच्या मधोमध एक बारीक पाते असते. बोट नीट चापावर टेकले की ते पाते आधी दबते आणि मगच चाप मागे येऊ शकतो. कडेने काही घासले किंवा अडकले तर चाप हलत नाही. काडतुसावर आदळून गोळी सोडणाऱ्या फायरिंग पिनच्या वाटेत आत दुसरा अडसर असतो, तो चाप पूर्ण ओढल्यावरच बाजूला होतो. तिसरी योजना पिस्तूल पडले तरी पिन सुटू नये यासाठी असते. स्लाइड मागे ओढून सोडली की पिनची स्प्रिंग अर्धवट ताणली जाते आणि उरलेला ताण चाप ओढताना बोट देते. म्हणून पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत चाप सारखाच लागतो. बाहेर अंगठ्याने फिरवायचा सेफ्टीचा खटका नाही. मागे उठून दिसणारा घोडा, म्हणजे हॅमर, तोही नाही. सगळे भाग मिळून जेमतेम पस्तिसेक भरतात.

यातले बरेचसे आधीही होते. हेकलर अँड कॉखचे व्हीपी-70 हे पॉलिमर फ्रेमचे पिस्तूल 1970 मध्येच बाजारात आले होते, पण त्याचा चाप इतका जड होता की नेमबाजाला घाम फुटे. घोड्याऐवजी आतल्या पिनवर चालणारी आणि ती अर्धवट ताणून ठेवणारी योजना ऑस्ट्रो-हंगेरियन घोडदळाच्या 1907 च्या रॉथ-स्टायर पिस्तुलात सापडते. धावत्या घोड्यावर धक्का बसला तरी गोळी सुटू नये, म्हणून ती केली होती. चापातले पाते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन रिव्हॉल्व्हरमध्येही दिसते. नळी मागून खाली झुकून स्लाइडपासून सुटी होण्याची पद्धत जॉन ब्राउनिंग यांची. ग्लॉक यांचे श्रेय वेगळ्याच गोष्टीत आहे. सत्तर-ऐंशी वर्षांत विखुरलेल्या या युक्त्या त्यांनी एका स्वस्त, टिकाऊ आणि सुटसुटीत वस्तूत बसवल्या आणि जे काढून टाकता येण्याजोगे होते ते काढून टाकले. शस्त्रांच्या इतिहासात हे काम नव्या शोधाच्या तोडीचे मानायला हवे.

नॉर्वेने 1985 मध्ये आणि स्वीडनने 1988 मध्ये हे पिस्तूल आपापल्या सैन्यासाठी घेतले. पण ग्लॉकचे भाग्य ठरले ते अमेरिकेत. मूळचे ऑस्ट्रियन असलेले विक्रेते कार्ल वॉल्टर यांच्या प्रयत्नांतून 1985 च्या अखेरीस जॉर्जिया राज्यातल्या स्मर्ना इथे कंपनीचे कार्यालय सुरू झाले. अमेरिकन नियमानुसार नोंदणी क्रमांक धातूवर कोरलेला असावा लागतो. त्यासाठी पॉलिमर फ्रेमच्या पुढच्या भागात एक पोलादी पट्टी बसवली गेली. दुकानात मालाची मांडणी होते न होते तोच वाद पेटला.

जानेवारी 1986 मध्ये जॅक अँडरसन आणि डेल व्हॅन ॲटा या स्तंभलेखकांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये लिहिले की, लीबियाचे गडाफी ऑस्ट्रियातून प्लास्टिकची पिस्तुले खरेदी करत आहेत आणि ती विमानतळावरच्या यंत्रांना दिसत नाहीत. या लेखामागे पेंटागॉनचे दहशतवादविरोधी अधिकारी नोएल कॉख यांनी केलेला एक प्रयोग होता. त्यांनी ग्लॉक सुटे करून पिशवीत टाकले आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळाच्या तपासणीतून पार नेले. लेखाने ज्याची वाच्यता केली नाही ती गोष्ट अशी की, त्याच चाचणीत हेकलर अँड कॉखचे पूर्ण जोडलेले पिस्तूलही कोणाच्या लक्षात न येता पार गेले होते. दोष पिस्तुलाच्या प्लास्टिकचा नव्हता, पडद्यासमोर बसलेल्या तपासनिसाच्या दुर्लक्षाचा होता. एवढे सरळ सत्य छापले गेले असते तर ‘प्लास्टिक पिस्तुला’ची दंतकथा जन्मलीच नसती. तिने विमानतळ सुरक्षेच्या खऱ्या दुखण्यावरून सगळ्यांचे लक्ष उडवले, हा तिचा सर्वांत मोठा अपराध म्हणावा लागेल.

अमेरिकी संसदेत सुनावण्या झाल्या. विमान वाहतूक प्रशासन आणि शस्त्रनियंत्रण खाते या दोन्ही ठिकाणच्या अधिकाऱ्यांनी ग्लॉक यंत्रांना दिसते अशी साक्ष दिली. तरीही भीती विझली नाही. नोव्हेंबर 1988 मध्ये अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या सहीने ‘न सापडणाऱ्या शस्त्रां’वर बंदी घालणारा कायदा झाला. प्रत्येक बंदुकीत किमान 3.7 औंस, म्हणजे सुमारे 105 ग्रॅम पोलादाइतका संकेत यंत्राला मिळालाच पाहिजे, ही त्याची मुख्य अट. ग्लॉकमध्ये त्याच्या जवळजवळ पाचपट पोलाद असल्याने या कायद्यामुळे त्याच्या आराखड्यातली एक रेघही बदलावी लागली नाही. फायदा मात्र झाला. दोन वर्षे वृत्तपत्रांत नाव गाजत राहिल्याने या परक्या कंपनीला फुकटची जाहिरात मिळाली.

त्याच सुमारास पोलिसांची गरजही बदलत होती. 11 एप्रिल 1986 रोजी मायामीत दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले आणि पाच जखमी झाले. बहुतेक अधिकाऱ्यांच्या हाती सहा गोळ्यांची रिव्हॉल्व्हर होती. सतरा गोळ्यांचे, हलके, शिकायला सोपे आणि परवडणारे पिस्तूल अशा वेळी समोर आले आणि एकामागून एक पोलीस दलांनी ते घेतले. कंपनी दलांकडची जुनी हत्यारे किमतीत वळती करून घेई, त्यामुळे शहराच्या तिजोरीवर भार कमी पडे. हा व्यवहार पिस्तुलाच्या गुणांइतकाच त्याच्या प्रसाराला कारणीभूत झाला.

अशा वातावरणात जुलै 1990 मध्ये ‘डाय हार्ड 2’ प्रदर्शित झाला. रेनी हार्लिन यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात ब्रूस विलिसने रंगवलेला पोलीस अधिकारी जॉन मॅक्लेन वॉशिंग्टनच्या डलस विमानतळावर दहशतवाद्यांशी झुंजतो. विमानतळ पोलिसांचा प्रमुख त्याचे म्हणणे हसण्यावारी नेतो, तेव्हा मॅक्लेन त्याला सांगतो की हल्लेखोराकडे ‘ग्लॉक 7’ होते, ते जर्मनीत बनलेले चिनीमातीचे पिस्तूल आहे, विमानतळाच्या क्ष-किरण यंत्रात दिसत नाही आणि त्याची किंमत या साहेबाच्या महिन्याच्या पगाराहून जास्त आहे. काही सेकंदांच्या या बोलण्यात एकही गोष्ट खरी नाही. ग्लॉक 7 नावाचे पिस्तूल कधीच निघाले नाही. कंपनीच्या पिस्तुलांची क्रमवारी 17 पासूनच सुरू होते. ते जर्मन नाही, ऑस्ट्रियन आहे. त्यात चिनीमातीचा कणही नाही. ते यंत्रात दिसते. आणि त्या काळी ते काही शे डॉलरांना मिळे, पोलीस अधिकाऱ्याच्या मासिक पगारापेक्षा बरेच कमी. मॅक्लेनच्या स्वतःच्या हातात असते ते पूर्ण धातूचे बेरेट्टा, ज्याचा भाऊबंद 1985 पासून अमेरिकन सैन्याचे अधिकृत पिस्तूल होता. जाणत्या, धातूच्या शस्त्राचा नायक आणि गूढ परदेशी प्लास्टिकचा खलनायक, अशी ही मांडणी होती. प्रेक्षकांनी ती पुरती स्वीकारली, कारण वर्तमानपत्रांनी तिची मशागत चार वर्षे आधीच करून ठेवलेली होती.

क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर ग्लॉक कसे दिसते ते समजून घेण्याजोगे आहे. क्ष-किरण जड मूलद्रव्यांत अडतात आणि हलक्या पदार्थांतून बरेचसे आरपार जातात. आजची यंत्रे दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे किरण सोडून पदार्थाची जात ओळखतात आणि त्यानुसार रंग देतात. कपडे, खाणे, प्लास्टिक हे नारिंगी छटेत दिसते आणि पोलाद गडद निळे. ग्लॉकची स्लाइड, नळी, स्प्रिंगा आणि गोळ्या ठसठशीत निळ्या उमटतात. फ्रेमही अदृश्य होत नाही, फिकट नारिंगी रंगात मुठीचा आकार दिसतोच. माणूस ज्या चौकटीतून चालत जातो तो धातुशोधक वेगळ्या तत्त्वावर, चुंबकीय क्षेत्रावर चालतो. अर्धा किलो पोलाद त्याच्या नजरेतून सुटत नाही. चित्रपटाने या दोन यंत्रांचीही गल्लत करून टाकली.

‘डाय हार्ड 2’ची चूक प्रसिद्ध झाली, पण इतर चुका अधिक रुळलेल्या आहेत. पात्र ग्लॉक रोखते आणि पार्श्वध्वनीत घोडा चढवल्याचा ‘खट्’ आवाज येतो. चढवायला त्या पिस्तुलाला बाहेर घोडाच नाही. कोणी दमात घेताना अंगठ्याने सेफ्टी उघडल्याचा अभिनय करतो, कोणी नवशिक्याला खटका उघडायचा राहिल्याचे ऐकवतो. ग्लॉकच्या नेहमीच्या प्रकारांत असा खटका नसतो. गोळ्या संपल्यावर नायक चाप पुन्हा पुन्हा ओढतो आणि रिकाम्या पिस्तुलाची ‘टिक-टिक’ ऐकू येते. प्रत्यक्षात शेवटची गोळी सुटली की स्लाइड मागे अडकून उघडी राहते आणि लांबूनही पिस्तूल रिकामे झाल्याचे दिसते. स्लाइड पुढे असताना रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढला तर एकदाच आवाज होतो. त्यानंतर चाप मागेच राहतो, स्लाइड पुन्हा ओढेपर्यंत दुसरा आवाज निघत नाही. धमकी देण्यासाठी दर दोन वाक्यांनी स्लाइड ओढणे हा आणखी एक लाडका प्रकार. नळीत आधीच गोळी असेल तर अशा प्रत्येक ओढीला एक न वापरलेले काडतूस जमिनीवर पडेल.

गोळी लागलेला माणूस मागे उडून काचेवर आदळतो, या दृश्याला तर साधा गुणाकारही पुरतो. 9 मिमीच्या गोळीचे वजन साधारण 8 ग्रॅम आणि वेग सेकंदाला 350 मीटरच्या आसपास. तिचा सगळा संवेग 70 किलोच्या माणसात उतरला तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला चार सेंटिमीटरचा असेल. गोळी झाडणाऱ्यालाही तेवढाच उलटा धक्का बसतो आणि तो जागेवरून हलत नाही. माणूस कोसळतो तो शरीराच्या आत झालेल्या इजेने. पडद्यावरच्या उडीमुळे ही इजा खेळकर वाटू लागते, म्हणून ही चूक नुसती भौतिकशास्त्राची राहत नाही.

ऑस्ट्रियाच्या कोब्रा या दहशतवादविरोधी पथकासाठी बनवलेल्या ग्लॉक 18 या सलग गोळीबार करणाऱ्या प्रकाराचेही असेच झाले. त्याचा वेग मिनिटाला बाराशे गोळ्यांच्या घरात आहे, म्हणजे सतरा गोळ्यांचे मॅगझिन एका सेकंदाच्या आत रिकामे होते. चित्रपटात मात्र तेच पिस्तूल संपूर्ण पाठलागभर बरसत राहते.

नव्वदच्या दशकात ग्लॉक हे नाव चित्रपट, दूरचित्रमालिका आणि रॅप गाण्यांत इतके रुळले की कंपनीला जाहिरातीची गरज उरली नाही. खलनायकाचे हत्यार म्हणून पडद्यावर आलेले पिस्तूल आठ वर्षांत कायद्याच्या रक्षकाचे झाले. 1998 च्या ‘यू.एस. मार्शल्स’मध्ये टॉमी ली जोन्सचे पात्र तरुण सहकाऱ्याला त्याचे चकचकीत पिस्तूल टाकून ग्लॉक घ्यायला सांगते.

या लोकप्रियतेला काळी बाजूही आहे आणि ती चित्रपटांनी फारशी दाखवली नाही. खटका नसलेले पिस्तूल शिस्तबद्ध हाताला सोपे असते, तेवढेच ते निष्काळजी हाताला महाग पडते. रिव्हॉल्व्हरच्या लांब, जड चापाची सवय असलेल्या पोलिसांकडून प्रशिक्षण अपुरे असताना ग्लॉक चुकून सुटल्याच्या घटना अमेरिकेत घडल्या. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी म्हणूनच चाप मुद्दाम जड करून घेतला. आणि जे गुण पोलिसांना भावले तेच सामूहिक हत्याकांडे करणाऱ्यांच्याही हाती गेले. 1991 मध्ये टेक्सासमधल्या किलीनच्या उपाहारगृहात, 2007 मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात आणि 2011 मध्ये ॲरिझोनातल्या टूसाँ इथे ग्लॉक पिस्तुले वापरली गेली. टूसाँच्या हल्लेखोराकडे 33 गोळ्यांचे मॅगझिन होते. यांतल्या एकाही ठिकाणी पिस्तूल यंत्राला दिसण्या-न दिसण्याचा प्रश्नच आला नाही. ती उघडपणे दुकानातून विकत घेतलेली होती. न दिसणाऱ्या पिस्तुलावर संसदेने जेवढा खल केला, तेवढा या सहज मिळणाऱ्या पिस्तुलावर करायला हवा होता.

कारखानदारीत ग्लॉकचा विजय निर्विवाद झाला. स्मिथ अँड वेसनने 1994 मध्ये काढलेले ‘सिग्मा’ इतके सारखे होते की प्रकरण न्यायालयात गेले आणि तडजोडीने मिटले. वाल्थर, सिग-सावर, बेरेट्टा अशा जुन्या घराण्यांनीही पुढे पॉलिमर फ्रेमची, घोड्याविना चालणारी पिस्तुले काढली. ब्रिटिश सैन्याने 2013 मध्ये ब्राउनिंग हाय-पॉवर निवृत्त करून ग्लॉक 17 घेतले. 2017 मध्ये अमेरिकन सैन्याच्या निवडीत सिग-सावरने बाजी मारली, पण विजेते पिस्तूलही त्याच वळणाचे होते. भारतात राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलासारखी विशेष पथके ग्लॉक वापरतात. सैन्य आणि पोलिसांकडचे नेहमीचे 9 मिमी पिस्तूल मात्र इशापूरच्या कारखान्यात बनणारे, हाय-पॉवरच्या नमुन्यावरचे आहे. 9 मिमीची हत्यारे सर्वसामान्य परवानाधारकाला मिळत नाहीत, त्यामुळे आपल्याकडच्या बहुसंख्य लोकांची ग्लॉकशी ओळख पडद्यावरचीच आहे.

खरोखरच धातुशोधकाला चकवणारे पिस्तूल चित्रपटात आले ते 1993 च्या ‘इन द लाइन ऑफ फायर’मध्ये. जॉन माल्कोविचने रंगवलेला मारेकरी ते घरीच घडवतो. ती कल्पना निव्वळ पटकथेची होती. पण वीस वर्षांनी, 2013 मध्ये अमेरिकेत ‘लिबरेटर’ हे त्रिमितीय मुद्रण यंत्रावर छापलेले प्लास्टिकचे पिस्तूल तयार झाले. एकाच गोळीचे हे हत्यार कायद्यात बसावे म्हणून त्याच्या कर्त्यांना त्यात पोलादाचा तुकडा घालावा लागला. 1988 चा कायदा दहा वर्षांपुरता होता. त्यानंतर त्याची मुदत वेळोवेळी वाढवली गेली आणि आज त्याचा रोख छापील पिस्तुलांवर आहे. ग्लॉक 17 ला त्याची झळ पहिल्या दिवसापासूनच लागली नाही.